सासूच्या नावाची लेक

॥ श्री ॥

रेवदंडा, कोळीवाडा
ता. १४ ऑक्टोबर १९५७

चि. हरेश्वर यास केसरताईचे अ. आ. तुमच्या दोघांची खुशाली कळवणे. इकडे सगळे हातीपायी धड आहेत, तेव्हा खुशालच म्हणायचं.

तुझं पत्र गणपतीत आलं आणि उत्तराला आज बसलेय. रागावू नकोस. होड्या पाण्यात गेल्यापासून पाठ टेकायला मिळालेली नाही. बोंबील आले की ते निवडा, धुवा, बांबूच्या वलांडीवर टांगा, आणि सगळं होईतो पुढची होडी लागलेलीच असते. पूर्वी हेच काम करताना मी गाणं म्हणायचे असं येसूबाई सांगते. येसूबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, तुझ्या लग्नात जिनं एकटीनं घावन्यांची परात संपवली होती ती. मला कुठलं गाणं म्हणत होते तेसुद्धा आठवत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. माझ्या पोरीला तू म्हसळ्याला घेऊन जा. तू शाळामास्तर आहेस, शिक्षणासाठी नेतोय म्हटलंस तर कुणी नाही म्हणणार नाही. खरं कारण वेगळं आहे, ते तुला एकट्याला सांगते.

तुला ठाऊकच आहे, सासूबाई गेल्या आणि सुतक फिटतंय न फिटतंय तोवर ही जन्मली. येसूबाईनं तिला पहिली आंघोळ घालताना कानामागचा तीळ पाहिला आणि आळीभर सांगत सुटली की म्हातारी परत आली, तिला जागा सोडवत न्हाय. ह्यांना तेवढंच हवं होतं. आईचंच नाव ठेवलं. तेव्हापासून हे तिला आय म्हणतात, होडीवरचे खलाशी आय म्हणतात, नारळी पुनवेला होडीच्या पुढच्या नाळीला हळदकुंकू लावायला तिलाच पुढे करतात. काही विकायचं, घ्यायचं झालं तर हे आधी तिच्या तोंडाकडे बघतात. ती हो म्हणाली की आय व्हय म्हणाली असं सगळ्यांना सांगतात. मी तिला काहीच म्हणत नाही. सासूचं नाव सुनेनं कसं घ्यावं? आणि पोटच्या पोरीला आय तरी कसं म्हणावं? अगं, ए, पोरी, एवढ्यावर नऊ वर्षं निघाली.

इतके दिवस मी हे सगळं हसण्यावारी न्यायचे. आता नेता येत नाही. सासूबाई वाढायला बसल्या की डवली, म्हणजे आमची ती करवंटीची पळी, कालवणाच्या भांड्याच्या काठावर दोनदा आपटायच्या. मान वर करायच्या नाहीत. घर चिडीचूप व्हायचं. त्यानंतर जो पाटावर येईल त्याच्या ताटात नुसता रस्सा पडायचा, तुकडा नाही. लग्न होऊन आले तेव्हा कितीक दिवस मी नुसता रस्साच खाल्ला, कारण ते ठोके ऐकले की मला हसू फुटायचं आणि मी पाणी आणायच्या मिषानं बाहेर पळायचे. मग हळूहळू हसू गेलं आणि तुकडा मिळायला लागला.

तर परवा ही पोर मागल्या दारी आळीतल्या मुलींबरोबर भातुकली मांडून बसली होती. भांड्यात वाळू कालवलेली. हिनं डवली घेतली आणि काठावर दोनदा आपटली. मान खाली. समोरच्या मुली एकदम गप्प झाल्या. हरेश्वर, हिनं म्हातारीला पाहिलेलं नाही रे. मग हिला हे शिकवलं कुणी? मीठ कमी झालं तर बोलत नाही, ताट बोटभर पुढे सरकवते. तेही त्यांचंच. माझ्याकडे बघते तीसुद्धा त्यांच्या नजरेनं.

आईनं लिहू नये ते लिहिते. मला माझ्या पोरीची भीती वाटते. मी तिला जवळ घेत नाही. तिच्या आधीची दोन राहिली नाहीत, त्यांची आठवण आली की पदर ओला होतो, आणि ही समोर उभी असते तिच्यासाठी काही होत नाही. मी दमले. एका सासूचं सगळं केलं, दुसरी माझ्याच पोटातून आली.

तुझ्या राहीला नीट विचार. तिला मूल नाही म्हणून मी मला नकोशी झालेली वस्तू तिच्या पदरात टाकतेय असं तिला वाटता कामा नये.

बहिणीवर माया आहेच तुझी, या कामापुरती थोडी जास्त कर. उत्तराची वाट बघते.

तुझी,
केसरताई

---

॥ श्री ॥

म्हसळा
ता. २६ ऑक्टोबर १९५७

ती. केसरताईच्या चरणी हरेश्वरचा सा. न. वि. वि. पत्र पावलं. माझा खोकला आहे तसाच आहे, त्याची आता मला आणि शेजाऱ्यांना सवय झाली आहे.

ताई, तुझं पत्र वाचून मी माझी ट्रेनिंगच्या वेळची वही शोधत बसलो. त्यात व्यक्तिमत्त्व नावाचा एक मोठा धडा होता. माणूस असा का असतो आणि तसा का होतो, रक्तातून काय येतं आणि भोवतालातून काय येतं, यावर गुरुजींनी बरंच सांगितलं होतं. मी परीक्षेत लिहिलं की बियाणंही लागतं आणि जमीनही लागते. पास झालो. मग प्रश्नही मिटला असं समजून चाललो. परत आलेल्या सासूचं प्रकरण मात्र त्या धड्यात नव्हतं, नाहीतर गुरुजींचीच परीक्षा झाली असती.

वही सापडली नाही, वाळवीनं खाल्ली असणार. मग नुसताच विचार करत बसलो. माझ्या वर्गात दोन भाऊ आहेत, एकाच आईचे, एकाच ताटातले. एक बाकाखाली लपतो, दुसरा बाकावर उभा राहतो. हे असं का ते मला इतकी वर्षं शिकवूनही सांगता येत नाही. त्यामुळे तुझ्या सासूबाई परत आल्या नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. माझा विश्वास नाही, एवढंच.

तू मात्र माहेरी, काशीदला असताना कशी होतीस ते मला पक्कं आठवतं. देवळात आरती चालू असताना गुरवाच्या शेंडीला हसलीस आणि बाबांनी तुला दंडाला धरून बाहेर काढली. बाहेर गेल्यावर तू आणखी जोरात हसलीस, मग आत आम्ही सगळे हसलो आणि आरती तशीच राहिली. डवलीच्या ठोक्यांना हसू येणारी केसर मला ओळखीची आहे. पुढची मात्र नीट कळत नाही.

एक बोलू? तुझ्या इतक्या पत्रांत मी तुझ्या पोरीचं, सोनूचं, नाव एकदाही वाचलेलं नाही. मला वाटायचं घाईत राहून जात असेल.

राहीला पत्र वाचून दाखवलं. ती उठली, माळ्यावरची लहान गोधडी काढली आणि उन्हात टाकली. दिवाळीची सुटी संपायच्या आत मी न्यायला येतो.

दाजींना नमस्कार. आमच्यावरचा जिव्हाळा दूर राहून पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
हरेश्वर

---

॥ श्री ॥

रेवदंडा
ता. ८ नोव्हेंबर १९५७

चि. हरेश्वर यास अ. आ. तू तिला घेऊन खाडीपार जायला साळावच्या तरीत बसलास तेव्हा मी धक्क्यावर नव्हते, ते तू मनाला लावून घेतलं असशील. वलांडीवर माल होता.

ह्यांनी फार धिंगाणा घातला होता. आय घर सोडून कुटं चालली, होडीला कोन हाय मग, असं म्हणत दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी नारळी पुनवेच्या आत परत आणायची या बोलीवर गप्प झाले. पुनव अजून लांब आहे, तोवर बघू.

जाताना पोर रडली नाही. उलट गाठोड्याची गाठ ओढून बघितली आणि मला सांगून गेली की बोंबील दवात ठेवू नकोस, वास मारतो. मी हो म्हटलं. सासूलाही असंच हो म्हणायचे.

घर हलकं होईल असं वाटलं होतं. अजून झालेलं नाही. राहीला सांग, पोरीला हिंग चालत नाही.

लोभ आहे तो राहूच दे, त्याला आता या वयात आणखी कुठे जागा मिळणार?

केसरताई

---

॥ श्री ॥

म्हसळा
ता. १९ जानेवारी १९५८

ती. केसरताईस हरेश्वरचा सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला. शाळेत तपासणी होती आणि साहेब येऊन जाईपर्यंत आम्ही सगळे मास्तर तापकरी झालो होतो.

सोनूचं सांगतो. पहिले काही दिवस ती आमच्या घरात पाहुण्या आलेल्या वडीलधाऱ्या बाईसारखी वागत होती. राहीच्या मागे हात बांधून उभी राहायची. चुलीतलं लाकूड कसं लावलंय ते बघायची. मला शाळेला उशीर होतोय का ते विचारायची. मला खरोखर आपल्या बाबांसमोर उभा असल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी राही पाण्याची घागर घेऊन अंगणात घसरली आणि शेणात बसली. आम्ही दोघंही सोनूकडे बघत राहिलो, आता ती काय म्हणते म्हणून. ती तोंडावर हात दाबून उभी होती. मग हात सुटला आणि ती अशी हसली, ताई, की मला गुरवाची शेंडी आठवली. हसता हसता खाली बसली. राही शेणात आणि ती धुळीत.

त्याच दिवशी तिनं राहीला विचारलं की इथं पण मला आय व्हायचं हाय का? राही नाही म्हणाली. मग विचारलं की इथं चुकलं तर चालतं का, कारण आय कधी चुकत न्हाय असं बाबा सांगतो. राहीनं मला हे चुलीपाशी सांगितलं आणि मग ती पेटलेलीच चूल फुंकत बसली.

तेव्हापासून पोर चुकत सुटली आहे. एक पाटी फोडली. राहीची सुई विहिरीत टाकली, कशी ते तिलाही सांगता येत नाही. वर्गात उंच मुलींच्या मागे लपते. पालीला इतकी भिते की माझ्या शर्टाला धरून चालते. बेसूर गाते, अगदी मन लावून गाते. हे बेसूर गाणं कुणाचं? तुझं तर नव्हतं, तुझा गळा चांगला होता. तुझ्या सासूबाईंना कधी कुणी गाताना ऐकलं होतं का? मला वाटतं हे तिचं स्वतःचं आहे.

डवलीवर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. इथं राही भांडं मध्ये ठेवते आणि बोलता बोलता वाढते. सोनूनं एकदाही ठोका दिलेला नाही. एक मुलगी दोन घरांत दोन तऱ्हेची कशी?

राही आता बाहेर जाताना सोनूला घेतल्याशिवाय जात नाही. हे मी तुला सांगून ठेवतो, कारण पुढे हे मला जड जाणार आहे.

दाजींना नमस्कार. आम्हां तिघांची आठवण असू द्यावी.

तुझा,
हरेश्वर

---

॥ श्री ॥

रेवदंडा
ता. ११ फेब्रुवारी १९५८

चि. हरेश्वर यास अ. आ. पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग डब्याखाली ठेवून दिलं.

तू खोटं लिहिणार नाहीस, तरी मला खरं वाटत नाही. माझ्या दारात ती कधी तशी हसली नाही. मी एकदा ओल्या जाळ्यात पाय अडकून पडले होते, तेव्हा तिनं नुसतं बघितलं आणि जाळं उचलून नीट ठेवलं. तिथं राही पडली तर हसली. मी पडले तर का नाही हसली? तुला वाटेल मी शेणात पडलेल्या बाईचा हेवा करतेय. करतेय.

इथं सगळं कोमेजल्यासारखं झालंय. खलाशी जेवतात आणि उठतात. हे कोपऱ्यात बसून असतात. परवा जुना दोर विकायचा की ठेवायचा ते ठरेना, तर म्हणाले आय असती तर सांगती. कोणती आय असं मी विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

मी ठरवलंय. तिथं ती सुखी असेल तर तिथंच राहू दे, कायमची. राहीची म्हणून वाढू दे. ह्यांना मी समजावीन. शिमगा झाला की चार दिवस येते, तेव्हा पोरीला बघते आणि काय ते पक्कं करू. तुम्ही दोघं तयार असाल ना? तसं आधी लिही, म्हणजे ओझं घेऊन यायला नको.

वारा पडल्यावर शीड लोंबतं तसं वाटतंय. भावाची माया तेवढी आहे, ती धरून ठेवते.

केसरताई

---

॥ श्री ॥

म्हसळा
ता. ६ एप्रिल १९५८

ती. केसरताईस हरेश्वरचा सा. न. वि. वि. तू येऊन गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. हे पत्र मी तीनचारदा लिहिलं आणि फाडलं. आज राही समोर बसली आहे, लिहून झाल्याशिवाय उठू देणार नाही म्हणते.

जाताना तू सांगून गेलीस की सोनू आता आमची. राहीनं तुझे पाय धरले. मी काही बोललो नाही. तुला वाटलं मला आनंदानं बोलवत नाही. तसं नव्हतं. तू इथं होतीस तेव्हा मी एक गोष्ट पाहिली होती, आणि ती सांगितली तर पोर आमच्याकडे राहणार नाही हे मला दिसत होतं.

तू आलीस त्या दुपारी सोनू लाजून राहीच्या मागे उभी होती, तरी हसत होती, तू पाहिलंस. मग तू म्हणालीस की आज मी वाढते, राहीला बसू दे. तू कालवणाचं भांडं पुढ्यात घेतलंस. डवली उचललीस. आणि ताई, तू ती काठावर दोनदा आपटलीस. मान खाली घालून. सोनूचा चेहरा माझ्यासमोर होता. तिचं हसू गेलं, पाठ ताठ झाली, हात मांडीवर आले. राही बोलत होती ती थांबली. आमच्या घरात एवढी शांतता कधी नसते. तू मात्र वाढत होतीस, तुला काहीच कळलं नव्हतं. रात्रीच्या जेवणालाही तसंच झालं, दुसऱ्या दिवशीही. आणि राहीच्या आमटीत मीठ कमी होतं तेव्हा तू काही बोलली नाहीस, ताट बोटभर पुढे सरकवलंस.

तू विचारलं होतंस, हिला शिकवलं कुणी. ताई, तू शिकवलंस. आणि तुला तुझ्या सासूबाईंनी. काशीदच्या केसरला हे येत नव्हतं, मी साक्षीला आहे. तुझी सासू त्या पोरीत परत आली नाही. ती गेलीच नव्हती, ती तुझ्यापाशी राहिली होती. पोर बिचारी दिसेल ते उचलत गेली, आणि वर सगळे तिला आय म्हणून हाक मारत होते. नऊ वर्षांच्या पोरीनं आणखी काय व्हावं?

हे लिहिताना मला तुझा दोष काढायचा नाही. रोज ज्याचा धाक असतो त्याच्यासारखं माणूस होत जातं, हे मी वर्गात माझ्या स्वतःच्या आवाजात ऐकतो. पोरांवर ओरडतो तेव्हा तो आवाज बाबांचा असतो.

पोर तुझी आहे. तू तिला सासूला भिऊन दिलीस, आणि ती भीती पोरीमुळे नव्हती, म्हणून मी पोरीला अशी ठेवून घेऊ शकत नाही. हे राहीचं म्हणणं आहे. माझी छाती झाली नसती. ती आत्ता डोळ्यांना पदर लावून बसली आहे आणि मला म्हणते आहे की थांबू नका, लिहा.

रागावलीस तरी भाऊ म्हणून मोडीत काढू नकोस.

तुझा,
हरेश्वर

---

रेवदंडा
ता. १५ एप्रिल १९५८

हरेश्वर यास,

पत्र मिळालं. तू स्वतःच्या घरात, पाहुणी आलेल्या बहिणीच्या हातावर पाळत ठेवायला बसलास. शिकलेल्या माणसांना दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय असते हे मला आजवर माहीत नव्हतं. मी डवली आपटत नाही. ज्या ठोक्यांनी माझं तरुणपण गेलं ते मी आपटीन असं तुला वाटलंच कसं?

मला तिच्यासारखी म्हणालास. दुसरं काहीही म्हणायचं होतंस.

केसर

---

॥ श्री ॥

म्हसळा
ता. ९ मे १९५८

ती. केसरताईस हरेश्वरचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. बोलणी खाल्ली. त्यानंतर तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून हे कार्ड.

शाळेला सुटी लागली. सोनू पास झाली, गणितात काठावर. विचारते की आई रागावली हाय का. मी नाही म्हटलं, पण तिला पटलेलं दिसत नाही. हल्ली कमी हसते. आता पाऊस लागला की तरी बंद होतील, मग चार महिने कुणाचं येणं नाही की जाणं नाही. तू सांगशील तसं करू. राही दोन्हीला तयार आहे असं म्हणते, पण लहान गोधडी तिनं परत माळ्यावर टाकलेली नाही.

खोकला तसाच. एका ओळीचं तरी उत्तर यावं.

तुझा,
हरेश्वर

---

॥ श्री ॥

रेवदंडा
ता. २ जून १९५८

चि. हरेश्वर व चि. सौ. राही यांस केसरताईचे अ. आ. हे अचानक दारात उभे राहिले तेव्हा तुम्ही दचकला असाल. आधी कळवायला हवं होतं, पण पाण्याला उधाण यायच्या आत पोरीला आणायचं होतं आणि मला पत्र लिहायचा धीर होत नव्हता. आज ती घरी येऊन दोन दिवस झाले, म्हणून लिहिते.

तुझ्यावर चिडले होते तेव्हा मी एक केलं. जेवायला वाढताना स्वतःच्या हातावर नजर ठेवली, तुला खोटं पाडायचं म्हणून. पहिल्या दिवशी काही झालं नाही, कारण मी बघत होते. मग एके दिवशी माल जास्त आला, डोकं दुखत होतं, आणि बघायचं राहून गेलं. समोर एकदम शांतता झाली तेव्हा मी मान वर केली. खलाशांचे हात मांडीवर होते. हे ताटाकडे बघत होते. डवली माझ्या हातात, काठाला टेकलेली.

मी ह्यांना विचारलं की मी हे रोज करते का? हे म्हणाले व्हय, आय गेली तवापास्नं, मग कोन करनार. त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. घरातली बाई डवली आपटते, एवढंच त्यांना माहीत. मी उठून मागल्या दारी गेले आणि खूप रडले. येसूबाई आली, काय झालं विचारत बसली. मी तिला विचारलं की माझ्या सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हा कशा होत्या? तिला फार आठवेना. बारीक होती म्हणाली, आणि जत्रेत पाळण्यात बसायला भ्यायची. मग तिला तरी ते ठोके कुणी शिकवले, असं मी विचारलं. येसूबाई म्हणाली कोन लक्षात ठेवतंय गं. त्या पाळण्याला भिणाऱ्या पोरीची मला इतकी कीव आली, हरेश्वर, तेवढी त्या जिवंत असताना आली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून कालवणाचं भांडं मध्ये ठेवते आणि ज्याचं त्यानं वाढून घ्या म्हणते. ह्यांनी पहिल्याच दिवशी निम्मं सांडलं. हात अजून ऐकत नाही. रिकामा असला तरी काठाकडे जातो, मग मी तो पदरात धरून बसते. सुटेल की नाही माहीत नाही. तू म्हणशील तुझ्या धड्यात याचंही उत्तर नव्हतं.

मग ह्यांना सांगितलं की पोरीला घेऊन या, पण घरात आणि होडीवर तिला कुणी आय म्हणायचं नाही. हे खूप चिडले. मग आयला काय म्हनू, असं विचारलं. मी म्हटलं तुमची आय गेली, तिचं सगळं आपण केलं, आता तिला जाऊ द्या. त्यावर ते बराच वेळ जाळं विणत बसले, आणि सकाळी उठून तुमच्याकडे निघाले.

राही, तुला काय लिहू. तू पोर परत दिलीस. दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती तुझ्याकडे येईल. तिच्या गाठोड्यात तुझी लहान गोधडी सापडली. मी ती परत पाठवणार नाही.

परवा तर लागायची होती तेव्हा मी धक्क्यावर गेले. या वेळीही वलांडीवर माल होता, तो तसाच टाकला. धक्क्यावर आळीतल्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन बसलेल्या. पोर ह्यांच्या पाठोपाठ उतरली, घोट्याएवढ्या पाण्यात, परकर वर धरून, इकडेतिकडे बघत. मी दिसले आणि तिची पाठ ताठ झाली. मला हाक मारायची होती. तोंडात अगं आलं, पोरी आलं, ते मी गिळलं. आणि मग सगळ्यांसमोर मोठ्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली. बायांचं बोलणं थांबलं. सुनेनं सासूचं नाव घेतलं म्हणून येसूबाईनं तोंडावर हात ठेवला. हे पाण्यातच उभे राहिले.

पोरीनं मागे वळून तरीकडे पाहिलं. माझ्या तोंडून ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं, तिला वाटलं मागून दुसरी कुणी उतरतेय. मागे कुणी नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा तिनं स्वतःच्या छातीला बोट लावून खुणेनं विचारलं, मी का?

मी पाण्यात गेले. परकराचा घोळ भिजला, माझं लुगडं भिजलं. जवळ घेताना माझा पाय शेवाळावरून घसरला आणि आम्ही दोघी खाली बसलो, आणि सोनू हसली.

तुमचा लोभ आम्ही पुरेपूर घेतला, आता आमचा तुमच्याकडे येऊ द्या.

तुझी ताई,
सोनूची आय